गोव्याच्या हवेत टिकणारे हलके पाकीट: घरी शिवायचे तर कापड कसे निवडावे

सरळ टीप मारता येत असेल आणि एखादी दुपार मोकळी असेल तर पाकीट घरी शिवून होते. नवशिक्या अडतो तो शिवणीपाशी नव्हे, कापडापाशी. हलक्या पाकिटाबद्दल इंटरनेटवर जे सल्ले मिळतात, ते बहुतेक थंड आणि कोरड्या देशांतल्या डोंगर चढणाऱ्या लोकांनी लिहिलेले असतात. त्यांच्यापुढे प्रश्न एकच असतो: ग्रॅम किती? आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कमरपट्ट्यांवर बुरशी चढते, एप्रिल-मे महिन्यांत खिसा घामाने भिजतो आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या घरात लोखंडाची टाचणीसुद्धा गंजते. इथे कापड सहसा फाटून वाया जात नाही. त्यावर चढवलेला थर आधी चिकट होतो, नाहीतर सोलून निघतो. म्हणून मी वजनाच्या आधी थर बघायला सांगेन. या लेखातली बहुतेक जागा मी त्यासाठीच दिली आहे.

काय काय लागेल

- ए-४ आकाराचा कापडाचा एक तुकडा
- पॉलिएस्टरचा दोरा
- ११ नंबरची सुई (शिवणयंत्राची)
- मोजपट्टी, धारदार कातर, शिंप्याचा खडू
- कपडे वाळत घालायचे चार-पाच लहान चिमटे
- एक उदबत्ती आणि काडेपेटी
- चाचणीसाठी पाण्याचे भांडे आणि ताटली
- कागदी साच्यासाठी जुने वर्तमानपत्र

१. आधी पाकिटात काय राहणार ते ठरवा

जुने पाकीट टेबलावर पालथे करा. बँकेचे कार्ड, पॅन कार्ड, प्लास्टिकचे आधार कार्ड आणि वाहन परवाना या सगळ्यांचे माप एकच असते: ८५.६ मिलिमीटर लांब, ५४ मिलिमीटर रुंद आणि पाऊण मिलिमीटर जाड. प्रत्येकाचे वजन साधारण ५ ग्रॅम. सध्याच्या मालिकेतली ५०० रुपयांची नोट १५० × ६६ मिलिमीटर आहे, २०० ची १४६ × ६६ आणि १०० ची १४२ × ६६. दहा आणि वीसच्या नोटा याहून लहान आहेत. म्हणजे पाचशेची नोट बसली की सगळ्या बसल्या.

दहा रुपयांचे एक नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते. आपण जे पाकीट शिवणार आहोत, त्याचे कापड याहून हलके असेल. तेव्हा नाण्यांना पाकिटात कप्पा देऊ नका, ती वेगळ्या बटव्यात जाऊ देत. परवाना आणि गाडीचे नोंदणीपत्र डिजिलॉकरमध्ये असेल तर तपासणीच्या वेळी ती प्रत कायद्याने चालते, त्यामुळे ही दोन कार्डेही घरी राहू शकतात. कापड बदलून वाचणारे वजन बऱ्याचदा या एका फेरीतच वाचून जाते.

२. कापडाचे वजन ए-४ कागदावर मोजा

कापड विकणारे 'जीएसएम' सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन ग्रॅममध्ये. ए-४ कागद हा चौरस मीटरचा बरोबर सोळावा भाग असतो. खाली दिलेला साचा एका ए-४ मध्ये पुरा बसतो, म्हणून हिशेब सोपा आहे: जीएसएमला १६ ने भागा, तेवढ्या ग्रॅमचे पाकीट.

झेरॉक्सचा कागद ७५ जीएसएमचा असतो, एक पान पावणेपाच ग्रॅम. त्याच जीएसएमचे कापड घेतले तर पाकीटही तेवढेच. जीन्सचे जाड डेनिम ४०० जीएसएमपर्यंत जाते, म्हणजे २५ ग्रॅम. एक मिलिमीटर जाडीचे कातडे ५० ग्रॅमच्या पुढे. ५० ते ९० जीएसएममधले कापड मला सगळ्यात सोयीचे वाटते. त्याच्या खाली गेलात तर हाताला लागेल असा फरक उरत नाही आणि शिवताना मात्र कापड सुईखाली गोळा होते.

दुकानात जीएसएम सांगता आला नाही तर ५० × ५० सेंटिमीटरचा तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि आलेल्या आकड्याला चारने गुणा.

३. थर ओळखा

पाणी अडवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कापडावर एखादा थर असतो. कोणता थर आपल्या हवेत कसा वागतो हे कळले की निम्मी निवड झाली.

*पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन.* स्वस्त रेनकोट, बॅगा, विंडचीटर आणि आजकालचे बरेचसे रेक्झिन यांवर हाच थर असतो. उष्णता आणि हवेतली वाफ मिळून पॉलियुरेथेनची साखळी हळूहळू तोडतात. पाण्यात बुडायचीही गरज नसते, पावसाळ्यातली दमट हवा पुरते. दोन-तीन वर्षांनी बॅग उघडली की आतून पांढरे पापुद्रे गळतात, नाहीतर बोटाला चिकट लागते आणि आंबूस वास येतो. ती ही प्रक्रिया. नीट ठेवण्याने ती लांबते, थांबत नाही. पाकीट तर दिवसभर अंगाच्या उबेत आणि घामात राहते, त्याला हा थर सगळ्यात लवकर दगा देतो.

*पीव्हीसी.* फ्लेक्सचे बॅनर, पारदर्शक प्लास्टिकचे कप्पे आणि जुन्या पद्धतीचे रेक्झिन यात असते. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे रसायन मिसळतात आणि ते सावकाश बाहेर झिरपते. कार्डावरची छपाई त्याला चिकटते, पासपोर्ट फोटो उचलून निघतो, एटीएमची आणि दुकानाची पावती कोरी पडते. जत्रा आणि निवडणुका झाल्यावर फ्लेक्स फुकट मिळतो, रंगही झकास असतात, त्यामुळे मोह होतो. पण ३०० जीएसएमच्या फ्लेक्सचे पाकीट १९ ग्रॅमचे होईल, आणि घडीवर त्याचा रंग तडकेल.

*सिलिकोन.* 'सिलनायलॉन' या नावाने मिळते. वाफेने पीयूसारखे कुजत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण कापड इतके निसरडे असते की नवशिक्याच्या हातून कड सरळ येत नाही, आणि त्यावर नेहमीचा डिंक किंवा चिकटपट्टी बसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पाकिटासाठी ठेवा.

*चंदेरी थर.* उन्हाच्या छत्र्यांच्या आतल्या बाजूला असतो. घडी पडते तिथून तो झडतो आणि पाकिटाला तर रोज घडी पडते. टाळा.

*थर नसलेले.* साधे दाट विणीचे पॉलिएस्टर. पाणी पूर्ण अडवत नाही, पण कुजण्यासारखे त्यावर काही नसते आणि धुतले की लगेच वाळते. माझी पहिली पसंती हीच.

धाग्याचाही फरक पडतो. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी धरते, नायलॉन सुमारे ४ टक्के आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आपल्याकडे पावसात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, तेव्हा हे आकडे आणखी वाढतात. नायलॉन ताणाला पॉलिएस्टरपेक्षा बळकट, पण ओले झाले की थोडे सैल पडते. पाकिटाला दोर ओढायचा नसतो, तेव्हा इथे पॉलिएस्टरच बरे.

४. कुठले कापड, कुठून

*जुन्या छत्रीचे कापड.* सुरुवात याने करा. पैसे लागत नाहीत आणि प्रत्येक घराच्या कोपऱ्यात काडी मोडलेली एक तरी छत्री असते. छत्री मोडते ती काड्यांमुळे, कापड बहुतेक वेळा शाबूत असते. नसली तर पावसाच्या तोंडावर बाजारात छत्र्या दुरुस्त करणारे बसतात, त्यांच्याकडे निकामी छत्र्यांची कापडे साठलेली असतात. आठ काड्यांच्या २३ इंची छत्रीच्या एका कळीत (दोन काड्यांमधल्या त्रिकोणी तुकड्यात) ए-४ तुकडा जेमतेम बसतो. घडीच्या लहान छत्रीत बसत नाही. तिथे मोठा भाग एका कळीतून आणि कार्डांच्या पट्ट्या दुसऱ्या कळीतून काढा. टोकाजवळचा आणि काडी घासून पातळ झालेला भाग सोडून द्या, आणि कापण्याआधी कापड उजेडासमोर धरून बारीक छिद्रे बघा.

*'पॅराशूट' कापड.* म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो की मडगाव-फोंड्याची कापडाची दुकाने, 'पातळ, बॅगेचे कापड' मागितले की हे नाव ऐकू येते. हे नाव धाग्याचे नाही. त्याखाली नायलॉनही येते, पॉलिएस्टरही येते, पीयू लावलेले आणि न लावलेले दोन्ही येते. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे ते याच नावाने आलेले असते. अर्धा मीटर घ्या आणि पुढच्या पायरीतल्या चाचण्या घरी करा. चौकटी-चौकटींची उठावदार वीण दिसली तर ते रिपस्टॉप. त्यात फाटलेली जागा पुढच्या जाड धाग्यापाशी अडते.

*पॅरासेलिंगच्या छत्र्या.* किनाऱ्यावर उडणाऱ्या या छत्र्या नायलॉन रिपस्टॉपच्या असतात. ओळखीत कोणी या धंद्यात असेल तर टाकाऊ तुकडा मागून बघा, रंग फार सुरेख मिळतात. मात्र ऊन नायलॉनला कमकुवत करते. तुकडा दोन्ही हातांनी जोरात ताणून पाहा. टरकला तर ठेवू नका. टिकला तर साध्या पाण्यात रात्रभर भिजवून मीठ काढा.

*टायवेक.* कागदासारखे दिसणारे, पण पॉलिथिलीनच्या तंतूंचे, न विणलेले कापड. ऑनलाइन सुटे ताव मिळतात. पाणी पीत नाही, कड उसवत नाही, थर नसल्यामुळे सोलण्याचा प्रश्न नाही, आणि ७५ जीएसएमचे पाकीट पाच ग्रॅमच्या आत येते. दोन गोष्टी सांभाळा. इस्त्री अजिबात नको, कारण ते १३० अंशांच्या थोडे वर वितळते. आणि टाके लांब ठेवा. जवळजवळ टाके घातले की पोस्टाच्या तिकिटासारखी छिद्रांची ओळ तयार होते आणि तिथूनच फाटते.

*तांदळाची विणलेली पिशवी.* पॉलिप्रोपिलीनची. हलकी आणि बळकट, पण कड भराभर उसवते आणि उन्हात ठेवलेली असेल तर भुगा होतो. वाण्याकडून आत ठेवलेली पिशवीच घ्या.

*दुधाच्या पिशव्या आणि रसाचे खोके.* शाळेच्या प्रकल्पासाठी ठीक. खोक्यात सुमारे तीन चतुर्थांश पुठ्ठाच असतो. कापलेल्या कडेने तो ओल ओढून घेतो आणि घडीवर फुटतो.

*डक्ट टेप.* इंटरनेटवर याची पाकिटे फार दिसतात. एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत तासभर राहिले की डिंक कडेने बाहेर येतो आणि नोटांना लागतो. इथे नकोच.

*कातडे आणि सूत.* दोन्ही सुंदर, दोन्ही पावसात बुरशी धरतात. कुणबी साडीच्या लाल चौकटींचा तुकडा घरात असेल आणि तो पाकिटात हवासा वाटत असेल, तर मला ती हौस समजते. फक्त तो आतल्या बाजूला, कार्डांच्या पट्टीला वापरा. बाहेरून पॉलिएस्टर ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाकीट पंख्याखाली वाळवा.

*डायनीमा कॉम्पोझिट.* पॉलिथिलीनच्याच अतिशय बळकट तंतूंचे पातळ कापड, हलक्या सामानाच्या शौकिनांचे आवडते आणि खूप महाग. वर्षभर साधे पाकीट वापरून माप पक्के झाल्यावर याचा विचार करा.

५. घरच्या चाचण्या

*पाण्यात टाकून.* नखाएवढा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा आणि बोटांनी दाबून हवेचे बुडबुडे काढा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन तरंगतात. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. तरंगणारे कापड कमी उष्णतेला वितळते, त्याला इस्त्री लावू नका.

*जाळून.* खिडकीपाशी, चिमट्यात दोरा धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर काळा धूर सोडत वितळते आणि काळसर कडक मणी होतो. नायलॉनचा मणी सहसा फिकट, करडा किंवा तपकिरी असतो. वितळलेला थेंब हाताला चिकटला तर खोल भाजते, म्हणून मुलांना हे करायला देऊ नका.

*थर बघायला.* कापडाच्या दोन्ही बाजूंवर पाण्याचा थेंब ठेवा आणि नखाने हलकेच खरवडा. एक बाजू चकचकीत किंवा रबरासारखी लागली, पांढरी रेघ उठली, तर थर आहे. कापड ओठांना लावून फुंकर मारा. हवा पलीकडे अजिबात गेली नाही तरी थर आहे. जुन्या कापडाची तीच बाजू आतल्या बाजूला घडी घालून, वर जड डबा ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी घडी चिकटून सुटली तर ते कापड पाकिटासाठी संपलेले आहे.

६. दोरा आणि बाकीचे

सुती दोरा घामाने कुजतो आणि पाकीट उसवते, पॉलिएस्टरचाच घ्या. चेन, टिचबटण, वेल्क्रो यांतले काहीही न लावता पाकीट उत्तम चालते; घडी आणि खिसा पुरे. चेन हवीच असेल तर ३ नंबरची, प्लास्टिकच्या दातांची. टिचबटणाला लोहचुंबक लावून पाहा, चिकटले तर आत लोखंड आहे आणि ते गंजेल. चुंबकाचे बटण मात्र टाळा. हॉटेलच्या खोलीची चावी असलेले कार्ड त्याने पुसले जाऊ शकते, आणि हॉटेलात काम करणाऱ्या कितीतरी लोकांच्या पाकिटात तसे कार्ड असते.

७. कापणे

साचा आधी वर्तमानपत्रावर काढा. ए-४ ची उभी बाजू २९७ आणि आडवी २१० मिलिमीटर. त्यातून:

- मुख्य भाग: २०६ × १७६ मिलिमीटर, एक
- कार्डांच्या पट्ट्या: २०६ × ६० मिलिमीटर, दोन

१७६ आणि दोनदा ६० मिळून २९६ होतात, म्हणजे एक मिलिमीटर शिल्लक. कातर हळू चालवा. पॉलिएस्टर किंवा नायलॉन असेल तर पेटत्या उदबत्तीचे टोक कडेजवळून झरकन फिरवा, धागे वितळून बसतात आणि कड उसवत नाही. टायवेकला हे करू नका, गरजही नसते.

टाचण्या लावल्या तर त्यांची भोके कायमची राहतात. कपड्यांचे चिमटे वापरा.

८. शिवण्याचा क्रम

इथे नवशिक्याची हमखास चूक होते. बाजू आधी शिवल्या आणि कार्डांच्या पट्ट्या नंतर बसवल्या, तर टीप आरपार जाऊन नोटांचा कप्पा बंद होतो. म्हणून पट्ट्या आधी, घडी नंतर.

मुख्य भागाच्या दोन्ही लांब कडा ८ मिलिमीटर दुमडून टीप मारा. उरलेली उंची १६०. बरोबर मध्ये, ८० वर, आडवी घडीची रेघ काढा. ही पाकिटाची तळरेघ. पट्ट्यांची वरची कड ८ मिलिमीटर आणि खालची ७ मिलिमीटर दुमडा. वरची दुमड शिवून घ्या, मग खोली ४५ राहते आणि कार्डाचे डोके वर दिसते.

रेघेच्या एका बाजूला, सुलट बाजूवर, पहिली पट्टी तळरेघेपासून १२ मिलिमीटर वर बसवून तिची खालची कड शिवा. दुसरी पट्टी तिच्यावर, तळरेघेला लागून. मग दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध उभी टीप. ही टीप अगदी मध्यावर एकच घालू नका. मध्यरेघेच्या दोन्ही बाजूंना ४-४ मिलिमीटर सोडून दोन टिपा घाला. पाकीट मिटते तिथे कापडाला भोके राहत नाहीत आणि प्रत्येक कप्प्याला ९१ मिलिमीटर मिळतात, कार्डाला लागतात ८६.

आता सुलट बाजू आत ठेवून तळरेघेवर घडी घाला, दोन्ही बाजू ८ मिलिमीटर सोडून शिवा, तोंडापाशी टीप दोनदा फिरवा. उलटवा. उघडे पाकीट १९० × ८०, मिटलेले ९५ × ८०.

टाका ३ मिलिमीटरचा ठेवा. कापड यंत्राच्या दातांवर घसरत असेल तर खाली पतंगाच्या कागदाची पट्टी घालून दोन्ही एकत्र शिवा आणि नंतर कागद फाडून काढा. यंत्र नसेल तर हाताने उलटी टीप घाला, धावदोरा नको. तो एका जागी तुटला की सगळा निघतो.

९. पावसात

सुईच्या भोकांतून पाणी आत येतेच, कापड कितीही चांगले असले तरी. धो धो पावसात दुचाकीवर जायचे असेल तर पाकीट झिपवाल्या पिशवीत घाला, आणि घरी आल्यावर बाहेर काढा. बंद पिशवीत रात्रभर राहिलेली ओल भिजण्यापेक्षा जास्त नुकसान करते. भिजले तर नोटा आणि कार्डे काढून पाकीट उलटे करून पंख्याखाली टांगा. घामाचे मीठ साठते, म्हणून अधूनमधून साध्या पाण्यात चुबकून काढा. पॉलिएस्टरचे पाकीट तासा-दोन तासांत वाळते, धुण्याच्या यंत्रात घालायची गरज नाही.

कागदी साचा टाकू नका. दोन-तीन महिने वापरल्यावर कार्डे घट्ट वाटली किंवा एखादी पट्टी नकोशी झाली तर त्याच साच्यावर फरक लिहून ठेवा आणि छत्रीच्या पुढच्या कळीतून दुसरे पाकीट कापा.